आषाढीचें उत्तर कार्तिकीला

रक्ताला आपल्या भाषेंत जो मान आहे तो शरीरांतील दुसऱ्या कोणत्याहि वस्तूला नाहीं. रक्ताचें नातें, रक्त आटविणें, रक्ताचें पाणी करणें, कुळाचें रक्त, असे शब्द आपण दिवसांतून दहादां उच्चारतों. परंतु हें रक्त आपल्याच घरांतील कोणाच्या अंगांत किती आहे व कसें आहे, असें कोणीं विचारलें, तर चांगल्या सुशिक्षित घरांतहि उत्तर मिळावयाचें नाहीं. वडील मंडळींची साखर किती व रक्तदाब किती याची चर्चा पानावर बसल्या बसल्या मोठ्या हौसेनें चालते. सुनेचें हिमोग्लोबिन किती, हें मात्र तिच्या नवऱ्याला ठाऊक नसतें, आणि पुष्कळदां तिचें तिलाहि नसतें. २०१९ ते २०२१ या काळांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन असावें त्याहून कमी आढळलें. स्वयंपाकघरांत दोघी जावा राबत असतील तर सरासरीनें त्यांतील एकीची ही स्थिति आहे असें समजावें. तिला जिना चढतांना धाप लागते, दुपारीं डोळे मिटूं लागतात, आणि घर त्याला एक जुनें व सोपें नांव देऊन मोकळें होतें: आळस.

हा आंकडा कसा मिळाला हें समजून घेण्यासारखें आहे. पाहणी करणारे लोक घरोघर गेले तेव्हां त्यांच्या पिशवींत प्रयोगशाळा नव्हती. ओंजळींत मावेल एवढें एक यंत्र होतें. बोटाच्या टोंकाला सुई टोंचावयाची, आलेला थेंब एका चपट्या पारदर्शक नळीला लावावयाचा, कीं तो थेंब आपण होऊन आंत शिरतो, आंत अगोदरच वाळवून ठेवलेल्या औषधांत मिसळतो, आणि यंत्रांतला प्रकाश त्यांतून जाऊन मिनिटाच्या आंतबाहेर आंकडा उमटतो. रक्त लागतें मिलिलिटरचा शंभरावा भाग. माझ्या लहानपणीं पंढरपुरांतील एका वृद्ध डॉक्टरांकडे साहलीची नळी मीं पाहिली आहे. रक्तांत आम्ल घालावयाचें, मग थेंब थेंब पाणी घालीत त्याचा तपकिरी रंग शेजारच्या कांचेच्या रंगाशीं जुळवावयाचा. रंग जुळला कीं नाहीं हें डॉक्टरांच्या चष्म्यावर व खिडकींतून येणाऱ्या उजेडावर अवलंबून असे. त्यामुळें श्रावणांतल्या ढगाळ दिवशीं सारें पंढरपूर रक्तानें भरलेलें दिसे, असें ते स्वतःच हंसत सांगत.

थेंब आपण होऊन आंत शिरतो, असें वर म्हटलें, त्यांतच या नव्या यंत्रांची सारी किमया आहे. समईच्या वातींतून तेल आपोआप वर चढतें. त्याला कोणी पंप लावीत नाहीं. चंद्रभागेंत धोतराचा सोगा बुडाला तर ओल हळूहळू गुडघ्यापर्यंत येते. बारीक वाट मिळाली कीं द्रवपदार्थ तिच्यांतून स्वतःच्या ओढीनें चालूं लागतो. केंसाएवढ्या किंवा त्याहून बारीक अशा वाटा कांचेंत, प्लास्टिकांत अथवा कागदांत मुद्दाम आंखून, त्यांतून रक्ताचा एखादा थेंब हवा तसा फिरवावा, त्याचे भाग वेगळे करावे, त्यांना औषधें भेटवावीं, व शेवटीं प्रकाशानें किंवा विजेनें त्यांची परीक्षा घ्यावी, या विद्येला शास्त्रज्ञ ‘मायक्रोफ्लुइडिक’ म्हणतात. आपण तिला सूक्ष्मप्रवाही विद्या म्हणूं. ही विद्या आपल्या घरांत केव्हांच येऊन गेली आहे. २०२१ च्या मे महिन्यांत पुण्याच्या मायलॅब या कंपनीच्या, घरच्या घरीं करोना तपासण्याच्या पट्टीला परवानगी मिळाली. त्या पट्टींत नाकांतला स्राव कागदावरून सरकत जाऊन एक किंवा दोन रेघा उमटत. तें या विद्येचेंच साधें रूप होतें. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र करोना नव्हे. रक्ताचे जे रोग जन्मापासून, आईबापांकडून, न मागतां मिळतात, त्यांच्याविषयीं मला लिहावयाचें आहे.

त्यांतील आपल्या महाराष्ट्राच्या जवळचा रोग म्हणजे सिकलसेल. तांबड्या पेशी निरोगी माणसांत वाटोळ्या, मध्यें किंचित् दबलेल्या अशा असतात. रुंदी मिलिमीटरचा सातआठ हजारावा नव्हे, तर सातआठ सहस्रांश भाग. शरीरांतील सर्वांत अरुंद रक्तवाहिन्या याहूनहि अरुंद असतात. तेव्हां पेशीला अंग चोरून, वाकून त्यांतून जावें लागतें, आणि ती जातेहि, कारण ती लवचिक असते. सिकलसेल झालेल्या माणसाच्या पेशींतून प्राणवायु कमी झाला कीं आंतल्या हिमोग्लोबिनाच्या दोऱ्या वळल्या जातात, पेशी ताठ होते, विळ्यासारखी वांकडी होते, आणि अरुंद वाटेंत अडकते. एक अडकली कीं तिच्यामागच्या अडकतात. मग ज्या हाडाचा, सांध्याचा किंवा आंतड्याचा रक्तपुरवठा अडला असेल तेथें असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही बिचारी दहा ते वीस दिवसांत मोडते. म्हणून डोळे पिवळे दिसतात व अंगांत रक्त टिकत नाहीं.

शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं या विळ्यांचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांचा रोगी ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकावयास आलेला एक तरुण होता. हा दोष पेशीचा नसून तिच्यांतील हिमोग्लोबिनाचा आहे, हें लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं सिद्ध केलें. विजेच्या ओढीनें द्रवांत हिमोग्लोबिन पळवावयाचें. निरोगी व सदोष यांची चाल निराळी असते. ज्याच्या अंगांत दोन्ही आहेत तो वाहक, हें त्या शर्यतीवरूनच ओळखूं येतें. ज्या यंत्रांत ही शर्यत लावीत तें टेबलावर मावणारें नव्हतें. हिंदुस्थानांत सिकलसेल आहे हें १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींच्या तपासणींत लेहमान व कटबुश यांनीं दाखविलें. त्याच १९५२ सालीं मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘बॉम्बे’ या नांवानें जगभर ओळखला जाणारा विलक्षण रक्तगट जाहीर केला होता. रक्तशास्त्राच्या इतिहासांत आपल्या मुंबईचें नांव असें कायमचें कोरलें गेलें आहे, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं. परंतु सातपुड्यांतील भिल्ल व पावरा, गडचिरोलीकडील गोंड व माडिया, आणि विदर्भांतील इतर अनेक समाज यांच्या रक्तांतला विळा शहरांतील सुशिक्षितांच्या कानावर यावयास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांच्यासारखे थोडे लोक सातपुड्यांत जाऊन त्यासाठीं खपले. २०१९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हां अनेकांनीं या रोगाचें नांव प्रथम ऐकलें.

मीं तें त्यापूर्वीं ऐकलें होतें, आणि तें पंढरपुरांतच.

आमचें घर प्रदक्षिणेच्या वाटेवर आहे. आषाढींत आमच्या ओटीवर व माडीवर यवतमाळकडील एक दिंडी उतरते; हा परिपाठ माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचा. २०१७ च्या आषाढींत त्या दिंडींत एक आजीबाई आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. पोर गोड होतें, पण चार पावलें चाललें कीं गुडघा धरून बसे, आणि त्याचे डोळे हळदीसारखे दिसत. वाळवंटाजवळ एका सेवाभावी संस्थेनें औषधांचा मंडप घातला होता. तेथील तरुण डॉक्टरांना शंका आली. त्यांनीं दंडांतून रक्त घेतलें, नळीवर चिठ्ठी लावली, तें मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळेकडे पाठविलें, व आठ दिवसांत कागद येईल असें सांगितलें. पत्ता म्हणून आजीबाईंनीं आमच्या घराचा पत्ता दिला. त्यांना पंढरपुरांत दुसरा पत्ताच नव्हता.

पुढें काय होणार हें पंढरपूरकराला सांगावयास नको. एकादशी झाली, पौर्णिमेचा गोपाळकाला झाला, दिंड्या परतल्या, मंडप उठला. लाखों माणसें जेथें होतीं तेथें उरल्या त्या पत्रावळी व चिखल. दहाव्या दिवशीं पाकीट आमच्या दारीं आलें. दिंडीच्या विणेकऱ्यांचा फोन आमच्याकडे होता, तो लावला. त्यांनीं निरोप देतों म्हणून सांगितलें, परंतु त्यांचें गांव निराळें व आजीबाईंचें निराळें, तो निरोप वाटेंतच राहिला. फॉर्मवर गांव व तालुका एवढेंच लिहिलें होतें. त्या पत्त्यावर मीं रजिस्टर पत्र टाकलें. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन तें परत आलें. शेवटीं आमच्या मंडळींनीं तें पाकीट देवघराच्या कोनाड्यांत, तीर्थाच्या तांब्यामागें ठेवलें. देव शेजघरांत गेले, चातुर्मास बसला, आणि त्या पोराच्या दुखण्याचें नांव आमच्या कोनाड्यांत चार महिने पडून राहिलें.

कार्तिकीला आजीबाई एकट्याच आल्या. श्रावणांत पोराला असा कांहीं ठणका लागला कीं पंधरा दिवस तें दवाखान्यांत ओरडत होतें. सांधेवात म्हणून औषधें झालीं, कोणीं करणी म्हटलें, त्याचे उपाय झाले, एक शेळी विकली गेली. मीं पाकीट काढून त्यांच्या हातांत दिलें. त्यांनीं तें उलटें सुलटें पाहिलें, कपाळाला लावलें, व पुन्हां माझ्या पुढें केलें. “काय लिहेल हाय भाऊ यात?” त्यांत दोन अक्षरें होतीं, एस. एस.; म्हणजे आईकडून एक विळा व बापाकडून एक. माझा पुतण्या त्या वेळीं वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानें त्यांच्याजवळ बसून सगळें समजावून सांगितलें, पोराच्या बापाला फोन केला, व जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत कोणाला भेटावें तें लिहून दिलें. तो मुलगा आतां विशीच्या घरांत आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नेमानें घेतो, त्यामुळें ठणके पुष्कळ कमी झाले आहेत. वारीला येतो, पण पायीं नव्हे, एस. टी. नें.

त्या प्रकरणांत दोष कोणाचाच नव्हता, हीच मला त्यांतील सर्वांत वाईट गोष्ट वाटते. डॉक्टरांचा तर्क बरोबर, प्रयोगशाळेचें काम बरोबर, टपालवाल्याचा शेरादेखील बरोबर. चुकलें तें एवढेंच, कीं प्रश्न विचारला गेला तेव्हां माणूस समोर होतें, व उत्तर आलें तेव्हां तें निघून गेलें होतें. आणि मध्यंतरींचा काळ रिकामा राहत नाहीं. उत्तर नसेल तेथें लोक स्वतःचें उत्तर बसवितात. कोठें तें सांधेवात असतें, कोठें करणी, कोठें आळस.

माझा हा पुतण्या पुढें सरकारी नोकरींत नंदुरबार जिल्ह्यांत गेला. २०२४ च्या हिवाळ्यांत मी आठ दिवस त्याच्याकडे धडगांवास होतों. एके सकाळीं तो मला एका आश्रमशाळेंत घेऊन गेला. व्हरांड्यांत एक बाक, त्यावर डब्याएवढें एक यंत्र, शेजारीं दोन परिचारिका, व समोर निळ्या गणवेषांतल्या मुलामुलींची रांग. बोट टोंचून घेतलेला थेंब एका द्रवांत मिसळीत. त्याचा सूक्ष्म अंश, पोस्टांतला शिक्का मारावा तसा, कागदाच्या ओल्या पट्टीवर उमटवीत. आणि ती पट्टी एका चपट्या डबींत बसवून यंत्रांत सरकवीत. आंत वीज सुरू झाली कीं कागदावरचें हिमोग्लोबिन धांवूं लागे. निरोगी पुढें, सदोष मागें. पॉलिंगनें लावलेली तीच शर्यत, पण मुलांच्या पाटीहून लहान यंत्रांत, बॅटरीवर, आणि दहा मिनिटांच्या आंत संपणारी. वीज गेली होती. कोणाच्या तें लक्षांतहि आलें नाहीं.

आठवींतली एक मुलगी बोट टोंचून झाल्यावर वर्गांत जावयास तयार होईना. तिला आपलें काय निघालें तें ऐकावयाचें होतें. ती खांबाला टेकून उभी राहिली. दहा मिनिटांनीं पुतण्यानें तिला हाक मारली. ती वाहक निघाली होती. त्यानें तिच्याच वेणीच्या दोन रिबिनी हातांत घेऊन सांगितलें, कीं एक आईनें दिली, एक बापानें. तुझी एक चांगली आहे, म्हणून तुला कांहीं व्हावयाचें नाहीं. पण तुझा नवरा असाच एका रिबिनीचा असेल तर तुमच्या प्रत्येक मुलाला दोन्ही वाईट मिळण्याचा संभव चारांत एक. लग्नाचें नांव काढल्यावर ती लाजली. परंतु जातांना तिनें विचारलें तें असें, कीं माझा धाकटा भाऊ तिसरींत आहे, त्याला आज रांगेंत आणूं काय?

हें यंत्र ज्या जातीचें, त्यांतील पहिलें नांव घेण्यासारखें काम अमेरिकेंत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांत उमुत गुर्कान यांच्या प्रयोगशाळेंत झालें. त्यावरून हेमेक्स नांवाच्या कंपनीनें ‘गॅझेल’ हें यंत्र बाजारांत आणलें. करोनाच्या पट्टीसारख्या, रेघा उमटविणाऱ्या पट्ट्याहि निघाल्या आहेत. त्यांना तर यंत्रच लागत नाहीं. फ्लॉरिडामध्यें सारा डू या विदुषींचा प्रयत्न निराळ्या दिशेचा आहे. चिपेंतील बारीक वाटेंतून पेशी नेतांना प्राणवायु काढून घ्यावयाचा, आणि ती विळा होत असतांना तिचा विजेला होणारा विरोध कसा बदलतो तें मोजावयाचें. यानें रोग आहे कीं नाहीं एवढेंच नव्हे, तर आज रोग्याची स्थिति कशी आहे तेंहि कळावें, अशी आशा आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत साई शिव गोर्थी यांच्या गटानें, पेशींतील प्राणवायु काढून त्यांतून प्रकाश पाठवावयाचा व तो किती शोषला जातो यावरून निदान करावयाचें, अशा धर्तीचें लहान यंत्र सिद्ध केलें. हीं सर्व यंत्रें सर्वज्ञ आहेत असें मात्र कोणी समजूं नये. नुकतेंच कोणाचें रक्त चढविलें असेल तर उत्तर फसवें येतें. तान्ह्या मुलाच्या अंगांत गर्भावस्थेंतलें हिमोग्लोबिन अधिक असतें, त्यामुळें तेथें जपून बोलावें लागतें. आणि संशय आला तर एच. पी. एल. सी. नांवाच्या मोठ्या यंत्रावर खात्री करून घ्यावीच लागते. मुंबईस परळला राष्ट्रीय रक्तविज्ञान संशोधनाची सरकारी संस्था आहे. तेथील लोकांनीं अशा लहान यंत्रांच्या व पट्ट्यांच्या परीक्षा घेतल्या, हें मला यंत्र शोधण्याइतकेंच महत्त्वाचें वाटतें. परदेशांत चाललेली वस्तु येथील धुळींत, उन्हांत व घाईंत चालेलच असें नाहीं.

१ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. १७ राज्यांतील, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी, व २०४७ पर्यंत रोगाचें निर्मूलन, असा संकल्प आहे. तपासलेल्या माणसाला एक कार्ड द्यावयाचें. वधूवरांनीं लग्नापूर्वीं परस्परांचीं कार्डें पाहून घ्यावीं, हा त्यांतील हेतु. नाडी, गण व मंगळ यांसाठीं महिनेच्या महिने घालविणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रकार समजावयास कठीण जाऊं नये. पण तो आदिवासींचा रोग, कार्डहि त्यांचें, आपला काय संबंध, असें कोणी मनांत म्हणत असेल तर त्यांच्यासाठीं पुढील हकीकत देतों. ती आमच्याच घरची आहे, आणि जिची आहे तिच्या परवानगीनें देतों.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्यास नोकरीला असते. लहानपणापासून तिचें हिमोग्लोबिन दहाच्या वर कधीं गेलें नाहीं. लोहाच्या बाटल्या झाल्या, गूळ-शेंगदाणे झाले, खजूर झाला, बीट झालें. आमच्या आत्याबाई वयाच्या चौऱ्यांशींतहि घरावर बारीक नजर ठेवून असतात. त्यांचें मत ठरलेलें होतें. धाकटी सून माहेराहून आली तीच फिकट. तिच्या माहेरचें रक्तच पातळ, तें पोरींत उतरलें. हें त्या रागानें म्हणत नसत. पाऊस पडतो म्हणावें तसें म्हणत. वहिनींनीं पंचवीस वर्षें हें ऐकलें, व एकदांहि उलट उत्तर दिलें नाहीं.

गेल्या वर्षीं दिवाळींत पुतण्यानें बहिणीचे जुने कागद चाळले. तिच्या पेशी लहान व फिकट, पण संख्येनें भरपूर. लोह कमी असतां असें सहसा होत नाहीं. त्यानें पुण्यास एच. पी. एल. सी. करविली. ए-२ या हिमोग्लोबिनाचें प्रमाण पांच टक्क्यांच्या वर निघालें. तें साडेतीनच्या आंत असावें लागतें. थॅलेसेमिया मायनर. सिकलसेलमध्यें हिमोग्लोबिनाची घडण चुकते, थॅलेसेमियांत घडण बरोबर पण पुरवठा तोकडा. वाहकाला स्वतःला त्रास बेताचा; परंतु दोन वाहकांच्या मुलाला, चारांत एक या हिशेबानें, मोठा रोग होतो, आणि त्याला जन्मभर दर थोड्या आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागतें. भारतांत शंभरांत सुमारें तीन ते चार माणसें या दोषाचीं वाहक आहेत. सिंधी, लोहाणा अशा कांहीं समाजांत प्रमाण जास्त आहे, पण आमचींतुमचीं घरें यांतून वगळलीं आहेत असें नाहीं.

नेमकें त्याच वेळीं तिचें लग्न सांगलीकडील एका चांगल्या घरीं जमत आलें होतें. आतां हें त्यांना सांगावयाचें कीं नाहीं? चार दिवस आमच्या घरांत जेवणें मुक्यानें झालीं. भाऊ म्हणाला, मुलींत दोष आहे असें आपणच तोंडानें सांगावयाचें? आत्याबाई म्हणाल्या, पत्रिका जुळली आहे, देवानें जुळविलें तें रक्तानें मोडूं नका. मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही लिहिणार नसाल तर मी लिहितें.” तेव्हां मीं मुलाच्या वडिलांना पत्र लिहिलें. वस्तुस्थिति लिहिली, मुलाचें रक्त एकदां तपासून घ्यावें अशी विनंति केली, आणि तो वाहक नसेल तर भीतीचें कारण नाहीं हेंहि स्पष्ट केलें. बारा दिवस उत्तर नव्हतें. भावानें माझ्याशीं बोलणें टाकलें. तेराव्या दिवशीं ते गृहस्थ स्वतः आले. मुलाचा कागद त्यांच्या खिशांत होता. तो निर्दोष होता. “तपासणीचा कागद यावयास चार दिवस लागले,” ते म्हणाले, “आणि माझ्या आईची समजूत घालावयास आठ.” लग्न माघांत ठरलें.

पुतण्याचें मात्र समाधान झालें नव्हतें. मुलींत दोष आला तो आईबापांपैकीं कोणाकडून तरी आलाच पाहिजे, व त्या बाजूच्या इतर मुलांनाहि तपासलें पाहिजे, हा त्याचा आग्रह. धडगांवचें यंत्र येथें असतें तर अर्ध्या तासांत निकाल लागला असता असें मी म्हटलें. तर तो म्हणाला, साध्या पट्ट्यांना ए-२ मोजतां येत नाहीं, त्या विजेच्या कागदावर तें मोजण्याचे प्रयोग झाले आहेत, पण येथें आपल्याला नळ्याच पाठवाव्या लागतील. त्याप्रमाणें एका रविवारीं रक्त घेणारा मुलगा घरीं आला. भाऊ बसला, वहिनी बसल्या, मीहि बसलों. शेवटीं आत्याबाईंनीं आपली खुर्ची पुढें सरकवावयास सांगितली. या वयांत कशाला, असें सगळे म्हणाले. “घरांत कोणी काय आणलें तें मलाहि कळूं दे,” असें म्हणून त्यांनीं पदर सांवरला व हात पुढें केला.

गुरुवारीं कागद आले. वहिनी निर्दोष होत्या. भाऊ वाहक होता. आणि आत्याबाई वाहक होत्या.

पुतण्यानें वाचून दाखविलें तेव्हां वहिनी पोळ्या करीत होत्या. त्या आंतून बाहेर आल्या नाहींत. आत्याबाईंनीं आपला कागद मागून घेतला. चष्मा लावून तो दोनदां वाचला, म्हणजे त्यांतील आपलें नांव व आंकडा वाचला. मग त्याच्या चार घड्या घातल्या, कपाटांतला पत्रिकांचा पत्र्याचा डबा काढावयास मला सांगितलें, आणि आमच्या वडिलांच्या पत्रिकेखालीं तो कागद स्वतःच्या हातानें ठेवला. डबा बंद झाल्यावर त्यांनीं स्वयंपाकघराकडे तोंड करून धाकट्या सुनेला हाक मारली, व आज पहिलें पान तिचें वाढा, असें सांगितलें.